मुंबई सोडून बाकीचा महाराष्ट्र

मागच्या शनिवारी ऑफिसातली आम्ही सहा टाळकी पाचगणीला गेलो होतो. पाऊस नव्हता, पण धुकं असं उतरलं होतं की टेबललँडवरचा घोडासुद्धा आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरण, काही म्हणजे काही दिसेना. मग काय, भाजलेली कणसं हातात घेऊन एका दगडावर बसलो आणि नेहमीप्रमाणे विषय क्रिकेटवर आला.

आमच्यातला एक दादरचा आहे. कणसाचे दाणे सोलता सोलता तो म्हणाला, "मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकलीय. तुमच्या महाराष्ट्राने किती रे? दोनच ना?"

"तुमच्या महाराष्ट्राने"! मुंबई काय गुजरातेत आहे का, असं तोंडावर आलं होतं. पण गिळलं, कारण क्रिकेटपुरतं त्याचं बरोबर होतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रणजी करंडक १९३४-३५ ला सुरू झाला. तेव्हा भाषावार राज्यं नव्हती, त्यामुळे संघही तसे नव्हते. पुढे १९६० ला राज्य एक झालं, पण क्रिकेटचा नकाशा जुनाच राहिला. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेल्या सगळ्यांचा मिळून 'महाराष्ट्र'. म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, मराठवाडा वगैरे. आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो त्याचा क्रिकेटमधला अर्थ 'मुंबई आणि विदर्भ सोडून बाकीचे' असा आहे. त्यातल्या विदर्भानेही २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन रणजी जिंकल्या. आम्ही आपले दोनवर.

मी वाईचा. पसरणी घाट उतरला की घर. इंजिनिअरिंग सांगलीला केलं, नोकरी पुण्यात. म्हणजे जन्मापासून आजपर्यंत एकदाही 'महाराष्ट्र' संघाच्या हद्दीबाहेर राहिलेलो नाही. तेव्हा मित्राला म्हटलं, थांब, महाराष्ट्राचे आजवरचे सगळ्यात भारी संघ कोणते याची क्रमवार यादीच करतो. तो म्हणाला, "दोन ओळींची यादी करायला किती वेळ लागणार?" :)

तर मंडळी, ही ती यादी. दोन ओळींची नाही, सहा संघांची आहे.

मोजायचं कशाने?

आधी एक्सेल उघडलं. सरासरी, जिंकलेले सामने, असं काय काय टाकलं आणि तासाभरात बंद केलं. १९४० चा संघ मोसमात मोजके बाद फेरीचे सामने खेळायचा, २०१४ च्या संघाला आठ साखळी सामने आणि वर तीन बाद फेरीचे खेळावे लागले. या दोघांची सरासरी शेजारी ठेवून काहीच कळत नाही. म्हणून तीनच प्रश्न ठेवले.

एक, वाटेत मुंबई भेटली का, आणि भेटली तर काय झालं? दोन, समोरचा संघ पूर्ण ताकदीचा होता का? तीन, तो खरोखर संघ होता, की एक-दोन माणसांचा पराक्रम?

तिसरा प्रश्न मी सहज लिहिला होता. यादी करता करता तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरला.

६. १९९२-९३

अंतिम सामना लुधियानात, समोर पंजाब. पंजाबने तोपर्यंत रणजी कधीच जिंकली नव्हती, त्या सामन्यात जिंकली. आपल्याकडे सुरेंद्र भावे, शंतनु सुगवेकर यांची फळी होती. या सुगवेकरांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८८-८९ ला मध्य प्रदेशविरुद्ध ते २९९ वर नाबाद राहिले. एका धावेने त्रिशतक हुकलं, आणि तेही बाद न होता! असं क्रिकेटमध्ये फार थोड्यांच्या नशिबी येतं आणि त्यातला एक महाराष्ट्राचा असावा याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

संघ चांगला होता, अंतिम फेरीपर्यंत गेला. पण जिंकायला हवं असं ज्याला मनापासून वाटतं तो सामना हातून गेला. म्हणून सहावा.

५. १९४८-४९

अंतिम फेरीतसुद्धा न पोचलेला संघ यादीत कसा, असं विचाराल. आकडे बघा.

डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकरांनी २०५ केल्या आणि दोघांची भागीदारी झाली ४५५ ची. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम होता ४५२ चा, म्हणजे फक्त नऊ धावा कमी. आणि उपाहाराला काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि खरंच गेले! प्रथम दर्जाच्या सामन्यात चारशेच्या वर गेलेला निंबाळकर हा आजही एकमेव भारतीय. कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही.

त्याच मोसमात उपांत्य सामना पुण्यातच झाला, समोर मुंबई. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ घोषित. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. चार डावांत मिळून २३७६ धावा आणि नऊ शतकं. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात एवढ्या धावा जगात आजवर कुठे झालेल्या नाहीत. आपण जिंकायला ९५९ धावांचा पाठलाग करत होतो, ३५४ ने हरलो. चौथ्या डावात सहाशे करूनही साडेतीनशेने हरणारा संघ याला काय म्हणायचं? मी पाचवा म्हणतो.

४. १९७०-७१

ही आमच्या घरातली जखम. माझे आजोबा तेव्हा ऐन तिशीत होते आणि अजून या सामन्याचं नाव काढलं की वर्तमानपत्र खाली ठेवतात.

१९५८-५९ पासून मुंबई सलग जिंकत आली होती. (ती मालिका पुढे पंधरा वर्षं चालली.) १९७१ च्या सुरुवातीला भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला. तोच तो गावसकरांचा पहिला दौरा. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड, मुंबईचे पाच मोहरे तिकडे. इकडे उरलेल्या मुंबईचा कर्णधार सुधीर नाईक. आणि आपल्याकडे चंदू बोर्डे कर्णधार, जोडीला चेतन चौहान, हेमंत कानिटकर, मधू गुप्ते. अशी संधी परत येणार होती का? सामना ब्रेबर्नवर झाला. मुंबई ४८ धावांनी जिंकली.

संघ म्हणून हा वरच्या तीनांत बसेल असा होता. पण माझा दुसरा प्रश्न आडवा आला. समोरची मुंबई अर्धी होती.

३. १९३९-४०

पहिलं विजेतेपद. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. जन्म १८९२ चा, म्हणजे करंडक उचलला तेव्हा वय ४८. आमच्या ऑफिसात चाळिशीनंतर माणसं गुडघ्याला पट्टा लावून टेबल टेनिस खेळतात.

या मोसमात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधलं भारतीयाचं ते पहिलं त्रिशतक. खंडू रांगणेकरांनी महाराष्ट्राकडून पदार्पणातच शतक ठोकलं. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला आपण पुण्यात दहा गडी राखून हरवलं.

२. २०१३-१४

आता माझ्या आठवणीतला संघ. तेव्हा मी कॉलेजला होतो आणि अभ्यासाच्या नावाखाली मोबाईलवर धावफलक रिफ्रेश करत बसायचो.

महाराष्ट्र त्या वर्षी 'क' गटात होता. म्हणजे खालच्या वर्गात, गोवा, केरळ, त्रिपुरा, जम्मू-काश्मीर यांच्याबरोबर. तिथून वर आलेल्या संघाला उपांत्यपूर्व सामना मिळाला तो थेट वानखेडेवर, गतविजेत्या मुंबईशी. मुंबई ४०२, आपण २८०. नेहमीची गोष्ट, असं म्हणून मी मोबाईल ठेवून दिला होता. मग मुंबई दुसऱ्या डावात १२९ वर सर्वबाद! लक्ष्य २५२. केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा एकोणीस वर्षांचा विजय झोल नाबाद ९१, आणि महाराष्ट्र २ बाद २५२. आठ गडी राखून, मुंबईत, मुंबईला.

उपांत्य सामन्यात इंदूरला बंगालला ११४ वर गुंडाळून दहा गडी राखून विजय. अंतिम सामना हैदराबादला, कर्नाटकशी. आपण ३०५ आणि ३६६, ते ५१५ आणि ३ बाद १५७. सात गड्यांनी हरलो. केदारने त्या मोसमात १२२३ धावा केल्या. पण हा एकट्या केदारचा संघ नव्हता. हर्षद खडीवाले, अंकित बावणे, संग्राम अतितकर, समद फल्लाह, कर्णधार रोहित मोटवानी, प्रत्येकाने कुठे ना कुठे सामना ओढून आणला. आणि प्रशिक्षक होते सुरेंद्र भावे, तेच ते लुधियानावाले.

१. १९४०-४१

पहिला नंबर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मन २०१३-१४ कडे ओढत होतं. पण हा संघ हलत नाही.

गतविजेते म्हणून उतरले आणि परत जिंकले. मुंबई वाटेत भेटली. महाराष्ट्र ६७५, त्यात देवधरांच्या २४६. मुंबईनेही ६५० केल्या. तेराशे पंचवीस धावांनंतर फरक पंचवीसचा, आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर आपण पुढे. उपांत्य सामन्यात नॉर्दर्न इंडियाविरुद्ध ७९८, देवधर १९६. अंतिम सामना मद्रासला जाऊन, मद्रासविरुद्ध, सहा गडी राखून. रंगा सोहोनींनी त्या मोसमात धावांचा पाऊस पाडला, हजारे होतेच.

देवधरांचं गणित साधं होतं. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे, हा नियम. मग पहिला डाव असा लांबवायचा की समोरच्याचे खांदे पडले पाहिजेत. नियम नीट वाचून त्याप्रमाणे खेळणारा कर्णधार मिळाला की काय होतं ते या दोन मोसमांत दिसतं. २०१३-१४ चा संघ नेमका उलट, पहिल्या डावात मागे पडूनही जिंकणारा. मनाला तोच भावतो. पण करंडक देवधरांनी आणला.

गंमत बघा. देशात एकदिवसीय क्रिकेटच्या दोन स्पर्धांना कुणाची नावं दिली गेली? देवधर करंडक आणि विजय हजारे करंडक. दोघंही त्या एकाच संघातले, आणि हा संघ आपला!

मग पुढे काय झालं?

यादी झाल्यावर सहज प्रत्येक नावापुढे 'नंतर कुठे' असं लिहून काढलं, आणि तिथे थबकलो.

हजारे १९४१ नंतर बडोद्याकडे. तिथे १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ ची भागीदारी. रांगणेकर मुंबईकडे, मग होळकरांकडे. सोहोनीही पुढे मुंबईकडून खेळले. निंबाळकर होळकर, राजस्थान, रेल्वे अशा किती संघांकडून खेळले. बोर्डे पुण्याचे, पण ऐन उमेदीची वर्षं बडोद्याला काढून मग परत आले. चेतन चौहान १९७५ ला दिल्लीला गेले आणि पुढे दिल्लीने रणजी जिंकल्या.

का गेले? नोकरीसाठी. क्रिकेटमध्ये तेव्हा पैसा नव्हता. बडोदा, इंदूर इथे दरबार नोकरी द्यायचे. मुंबईत टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल अशा कंपन्यांचे संघ होते, त्यांची टाइम्स शील्ड होती, पावसाळ्यात कांगा लीग होती. मुंबईच्या पोराला बॅट धरून पोट भरायला गाव सोडावं लागत नव्हतं. नोकरी आणि मैदान एकाच लोकलवर. सांगली-कोल्हापूरच्या पोराला सोडावं लागायचं. मुंबईच्या ४२ मागे खडूसपणा वगैरे असेलच, पण ही साधी व्यवस्थाही आहे.

म्हणून माझ्या यादीत वरच्या तीन संघांत एक गोष्ट सारखी आहे. त्या त्या वर्षी माणसं एकत्र होती. १९४१ नंतर हजारे राहिले असते तर? १९४८-४९ च्या त्या उपांत्य सामन्यात हजारे चौथ्या नंबरला आले असते तर?

२०१६ ला दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८ यांनी ५९४ ची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा रणजीतला हजारे-गुल महंमद यांचा सत्तर वर्षांचा विक्रम मोडला. सांगलीच्या माणसाचा बडोद्यात झालेला विक्रम महाराष्ट्राच्या पोरांनी घरी आणला, असं मला वाटलं. (२०२४ ला गोव्याच्या जोडीने ६०६ करून तोही मोडला. असो.)

खरं सांगायचं तर 'नंतर कुठे' हा रकाना मला एवढा का दिसला त्याला कारण आहे. गेले पंधरा दिवस माझ्या मेलमध्ये बंगळुरूची एक ऑफर पडून आहे. पगार चांगला आहे, काम आवडीचं आहे. घरी अजून सांगितलेलं नव्हतं.

रविवारी परतताना वाईला उतरलो आणि यादी आजोबांना वाचून दाखवली. मला वाटलं, १९७०-७१ चौथा म्हटल्यावर ते भांडणार. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तो सहावा टाक."

"अहो आजोबा, तुमचा आवडता संघ ना तो?"

"म्हणूनच. तू म्हणतोस माणसं निघून गेली म्हणून आपण हरलो. त्या वर्षी आपलं कोण गेलं होतं? त्यांचे पाच नव्हते, आपले सगळे होते. तरी हरलो. जाणाऱ्याच्या नावाने किती वर्षं रडणार?"

आता यावर काय बोलणार? एका वाक्यात माझ्या सगळ्या सिद्धान्ताला भोक पडलं. मुंबईतून पाच जण गेले की मागे दुसरे पाच तयार असायचे. आमच्याकडून एक हजारे गेला की जागा रिकामी. म्हणजे प्रश्न जाणाऱ्याचा कमी आणि मागे काय उरतं याचा जास्त. २०१३-१४ चा संघ मला का आवडतो तेही तेव्हा कळलं. त्यात जालन्याचा पोरगा होता, खालच्या गटातून आलेली माणसं होती आणि वीस वर्षांपूर्वी अंतिम सामना हरलेला एक जण मागे राहून त्यांना शिकवत होता.

मग ऑफरचं सांगून टाकलं. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बंगळूर म्हणजे कर्नाटकच ना? हैदराबादला ज्यांनी हरवलं ते?"

म्हटलं, हो, तेच.

"मग नीट विचार कर," म्हणाले आणि वर्तमानपत्र परत उचललं.

विचार चालू आहे. यादी मात्र आहे तशीच ठेवतोय, १९७०-७१ चौथाच. दादरच्या मित्राला सोमवारी दाखवली. त्याने सगळी वाचली आणि एवढंच म्हणाला, "हजारे तुमचे हे मला माहीत नव्हतं." तेवढं पुरे.